बिनी आणि बिनीवाले

आज ज्या शब्दाविषयी बोलावयाचे मी योजले आहे तो फ्रेंच असून त्याचा उच्चार 'आवाँ-गार्द' असा होतो. इंग्रजांनी तो जसाच्या तसा उचलला आणि त्यांच्याकडून तो आपल्या चित्रकारांच्या, कवींच्या व नाटककारांच्या बोलण्यात आला. त्याचा मूळ अर्थ मात्र कलेचा नव्हे, लष्करी आहे. मोहिमेवर निघालेल्या फौजेच्या पुढे जी तुकडी चालते, वाट शोधते आणि शत्रूचा पहिला मार खाते, ती आवाँ-गार्द. या अर्थाचा शब्द आपणांस परमुलखातून आणावयास नको. तो आपल्या पेशवाईत रोजच्या वापरातला होता. आघाडीची फौज ती बिनी, आणि तिचा सरदार तो बिनीवाला. १७७० च्या सुमारास उत्तरेच्या मोहिमेवर गेलेले विसाजी कृष्ण हे मूळचे चिंचाळकर; परंतु इतिहास त्यांना बिनीवाले म्हणूनच ओळखतो.

आता येथे एक बारकावा आहे. बिनी ही जागा आहे आणि बिनीवाले हे आडनाव आहे. जागा फौजेबरोबर हलते. आडनाव हलत नाही. फौज मोडून दीडदोनशे वर्षे झाली, घरातील कर्ता पुरुष एखाद्या कचेरीत जमाखर्च लिहीत बसला, तरी त्याचे आडनाव बिनीवालेच राहते. त्यात त्याचा काही दोष नाही. पण त्या आडनावावरून कोणी त्याला घोड्यावर बसवू लागला तर मात्र फसगत होईल. जॅझ नावाच्या संगीतात 'आवाँ-गार्द' या शब्दाचे असेच झाले आहे. तो जागेचा वाचक होता, तो आडनाव होऊन बसला. कलेच्या प्रांतात हा शब्द पॅरिसमध्ये १८२५ च्या सुमारास सेंट सीमाँ याच्या मंडळींनी आणला, आणि पुढे बोदलेरसारख्या कवीने आपल्या देशबांधवांच्या या लष्करी उपमांच्या हौसेची चांगलीच थट्टा केली. म्हणजे हा शब्द जन्मापासूनच थोडा संशयित आहे.

उमरीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शाळेत आयुष्य घालविलेल्या, मॅट्रिक झालेल्या माणसाचा जॅझशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध रेडिओचाच. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या केंद्रावरून विलिस कॉनोव्हर नावाचा गृहस्थ १९५५ पासून चाळीस वर्षे रात्रीच्या वेळी जॅझ ऐकवीत असे. परदेशी श्रोत्यांस समजावे म्हणून तो इतक्या सावकाश बोले की आमच्यासारख्यांचे इंग्रजीही त्यात तरून जाई. लघुलहरींच्या खरखरीतून जे कानी पडले त्यावर पुढे वाचनाची भर घातली, एवढीच माझी शिदोरी.

ज्यांना जॅझचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लीन्स हे बंदर आहे. तेथील कृष्णवर्णी लोकांत, मिरवणुकीपुढे व प्रेतयात्रेपुढे चालणाऱ्या बँडांच्या आसऱ्याने, विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत वाढीस लागले. आपल्याकडे वरातीपुढे जे क्लॅरिनेट, ट्रम्पेट व ढोल दिसतात तीच ही वाद्ये. जॅझची नेहमीची रचना अशी की, प्रथम एखादे परिचित गाणे वाजवावयाचे. त्या गाण्याच्या खाली स्वरसंघांची, म्हणजे एकदम वाजविलेल्या तीनचार स्वरांच्या जुडग्यांची, एक ठरलेली साखळी असते. ती साखळी बारा किंवा बत्तीस मापांत पुरी होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गाणे संपले तरी साखळी फिरत राहते, आणि तिच्यावर एकेक वादक आपल्या कल्पनेने नवी सुरावट रचतो. आपल्या गवयाला जसे आवर्तन आणि सम, तसे त्याला ते चक्र. उपज आपल्याकडेही आहे आणि तिकडेही आहे. भेद इतकाच की, आपल्या गवयाच्या पाठीशी तंबोऱ्याचा एक अढळ षड्ज असतो आणि जॅझवाल्याच्या पायाखालची जमीन दर मापागणिक बदलते.

या संगीतात पुढे जाणे हे काही १९६० साली प्रथम घडले नाही. लुई आर्मस्ट्राँग याने १९२० नंतरच्या दशकात एकट्या ट्रम्पेटाला जे स्थान दिले ती त्या काळची बिनीच होती. १९४० नंतर चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी यांनी साखळी अधिक गुंतागुंतीची आणि लय इतकी द्रुत केली की नाचणाऱ्यांचे पाय थांबले. त्या वेळी खुद्द आर्मस्ट्राँग त्यांच्यावर रुष्ट झाला. दहाबारा वर्षे गेली आणि पार्करची भाषा ही जॅझची सर्वसाधारण बोली झाली. बिनी पुढे गेली, फौज मागून त्या मुक्कामी पोहोचली. या दोघांनाही कोणी 'आवाँ-गार्द' हे आडनाव लावले नाही.

ते लागले ते ऑर्नेट कोलमन याच्या पिढीला. हा टेक्सास प्रांतातील फोर्ट वर्थ गावचा. १९५९ च्या नोव्हेंबर महिन्यात तो न्यूयॉर्क येथील 'फाइव्ह स्पॉट' नावाच्या लहानशा पानगृहात आपले चौघांचे पथक घेऊन आला. हातात प्लास्टिकचा पांढरा सॅक्सोफोन, आणि पथकात पियानो नाही. ही पियानोची गैरहजेरी फार महत्त्वाची आहे. स्वरसंघांची साखळी अंथरण्याचे काम पियानोचे. पियानो नाही म्हणजे साखळी नाही. कोलमन आणि त्याचा जोडीदार डॉन चेरी हे दोघे मिळून आरंभी एक सुरावट वाजवीत, शेवटी पुन्हा तीच वाजवीत, आणि मधल्या भागात त्या सुरावटीच्या भावावर विसंबून जिकडे सूर नेईल तिकडे जात. 'लोनली वुमन' ही त्याची रचना कोणी मिळवून ऐकावी. तीत ढोलाची लय द्रुत आहे आणि वरची सुरावट विलंबित आहे. दोन्ही एकमेकींना न अडविता चालतात. न्यूयॉर्कच्या जाणत्यांत दोन तट पडले. कोणी म्हणे हा प्रतिभावंत, कोणी म्हणे याला वाजविताच येत नाही. त्याच्या तरुणपणी लुइझियाना प्रांतात तर लोकांनी त्याला मारहाण करून त्याचे वाद्य फोडले होते. तेव्हा बिनीने पहिला मार खावयाचा असतो, ही गोष्ट येथे अलंकारिक अर्थाने घ्यावयाची नाही.

आता नावाची कथा ऐका. त्या १९५९ सालच्या तबकडीचे नाव, मराठीत सांगावयाचे तर, 'येणाऱ्या जॅझचे रूप' असे आहे. हे नाव कोलमनने दिलेले नव्हे. त्याच्या मनातील नाव तबकडीवरच्याच एका रचनेचे होते, आणि त्याचा अर्थ 'भानावर ध्यान' असा काहीसा होतो. ध्वनिमुद्रण कंपनीच्या निर्मात्याने आग्रह धरून ते बदलले. गिऱ्हाइकाला मालाचे वेगळेपण कळावे, हा हेतू. कलावंत भानावर असण्याविषयी बोलू पाहत होता आणि व्यापारी भविष्याविषयी बोलू लागला! याहून गमतीची गोष्ट दुसऱ्या तबकडीची. जॉन कोलट्रेन आणि डॉन चेरी यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पाच रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांपैकी तीन कोलमनच्या, एक चेरीची आणि एक थेलोनियस मंक या आधीच्या पिढीतील वादकाची. कंपनीने त्या सहा वर्षे पेटीत ठेवल्या आणि १९६६ साली, हा शब्द बाजारात चालू लागल्यावर, 'दि आवाँ-गार्द' हे नाव छापून विक्रीस काढल्या. फौज पुढे निघून गेल्यावर मागच्या मुक्कामावर 'बिनी' अशी पाटी लावण्यासारखाच हा प्रकार होय.

वादकांनी स्वतः हे नाव फारसे मिरविले नाही. १९६५ साली शिकागो येथे कृष्णवर्णी वादकांनी आपली एक सहकारी संस्था काढली. तिच्यातून निघालेल्या एका प्रसिद्ध पथकाने 'थोर कृष्णवर्णी संगीत' असे आपल्या संगीताचे नाव सांगितले. 'जॅझ' हा शब्दही त्यांना परक्यांनी चिकटविलेला वाटे, मग 'आवाँ-गार्द'चे काय? कारण उघड आहे. या नावाने टीकाकाराला एक खण मिळाला, दुकानदाराला एक फळी मिळाली, आणि वादकाच्या पदरात मात्र काम कमी पडू लागले. 'हे त्यातले' असे एकदा ठरले की पानगृहाचा मालक त्याला बोलावीत नाही. कोलमनने १९६२ च्या अखेरीस जाहीर वादन थांबविले ते १९६५ पर्यंत. त्या अवधीत तो ट्रम्पेट व व्हायोलिन शिकत बसला.

या संगीतात नियम नाहीत, ही समजूतही त्या नावानेच पसरविली. १९६० च्या डिसेंबरातील 'फ्री जॅझ' ही तबकडी घ्या. चार-चार वादकांची दोन पथके एकाच वेळी वाजवीत आहेत. सुमारे सदतीस मिनिटे खंड नाही. प्रथम ऐकणाराला बाजारचा दिवस आठवेल. परंतु तिसऱ्यांदा ऐकताना कळते की, एकेका वादकाला क्रमाने पुढे येण्याची पाळी आहे, पाळी बदलताना सर्वांनी मिळून वाजवावयाचे ठरीव तुकडे आहेत, आणि खाली लयीचा धागा तुटत नाही. 'मुक्त' याचा अर्थ एवढाच की, एक जुने बंधन सोडले आणि त्याच्या जागी परस्परांचे ऐकण्याचे दुसरे, अधिक कठीण बंधन घेतले. आता या वर्गात मोडणारे सगळेच मला रुचते असे मात्र नाही. कोलट्रेनची १९६५ सालची अकरा वादकांची 'असेन्शन' ही तबकडी मी आदराने ऐकतो, सुखाने नव्हे. आणि त्याचे अनुकरण करणारे जे पुढे निपजले त्यांच्यापैकी बहुतेकांना नुसते ओरडता येते.

येथे आपल्या कानाची साक्ष काढावीशी वाटते. ठेका नाही, आवर्तन नाही, शब्द नाहीत, केवळ सुराच्या ओढीने एक माणूस अर्धा तास पुढे जात आहे: हे ऐकून न्यूयॉर्कचा श्रोता दचकला. आपण दचकत नाही. आपल्याकडे आलाप म्हणतात तो हाच, आणि तो आपल्या संगीताचा सर्वांत जुना भाग मानला जातो. म्हणजे एकाची बिनी ती दुसऱ्याची पिछाडी असू शकते. कोणी पुढे आहे असे म्हणताना कोणाच्या पुढे आणि कोणत्या वाटेवर, हे सांगितल्यावाचून त्या म्हणण्याला अर्थ येत नाही. हे कोलट्रेनला ठाऊक होते. १९६१ च्या नोव्हेंबरात त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजविली. तीत एकाऐवजी दोन खर्जाची तंतुवाद्ये घेऊन तंबोऱ्यासारखी एक स्थिर भूमी त्याने निर्माण केली होती. ज्या तळघरातील पानगृहात ती वाजविली गेली त्याचे नाव 'व्हिलेज व्हॅनगार्ड', म्हणजे योगायोगाने बिनीच! त्याच महिन्यात एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकातील टीकाकाराने कोलट्रेन आणि त्याचा साथी एरिक डॉल्फी यांच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरविले. पुढे कोलट्रेनने आपल्या मुलाचे नाव पंडित रविशंकर यांच्यावरून रवि ठेवले, आणि १९६७ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो गेला. ज्याला तिकडे अतिपुढचा म्हणून दूषण देत होते तो आपल्या प्राचीनाकडे पाहत होता.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादक आपले पथक घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड ही मंडळी आली. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून मुंबईस पोट भरण्यासाठी आलेले तरुण या पथकांच्या तालमीत तयार झाले. हळदोण्याचे अँतोनियु शाविएर वाझ, जगाला ठाऊक असलेले चिक चॉकलेट, हे त्यांच्यापैकी. त्यांना 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. न्यूयॉर्कच्या मापाने पाहिले तर हे लोक तिकडे सर्वत्र रूढ असलेले नाचाचे संगीत वाजवीत होते. त्यात पुढारीपण काही नव्हते. परंतु मुंबईच्या वाटेवर त्यांच्या पुढे कोणी नव्हते. १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला, पानगृहांचा धंदा बसला, आणि ही मंडळी अधिकाधिक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळली. १९५१ चा 'अलबेला' आपल्यापैकी कितीकांनी पाहिला असेल. नट व दिग्दर्शक भगवान पालव, संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांचे, म्हणजेच सी. रामचंद्र यांचे, आणि साहाय्यक चिक चॉकलेट. जॅझचा ठेका आपल्या घराघरांत शिरला तो या वाटेने. पडद्यावर भगवानदादांबरोबर ते वादक दिसतातही. मराठवाड्यातील तंबूत बसून शिट्ट्या वाजविणाऱ्या माणसाला आपण काही नवे ऐकतो आहोत हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून तो भ्याला नाही. पुढे १९७० नंतर ब्राझ गोन्साल्विस या गोमंतकीयाने सॅक्सोफोनवर रागांची वाट धरली, आणि १९७८ साली मुंबईस पहिली 'जॅझ यात्रा' भरली, तेव्हा सॉनी रॉलिन्ससारखा थोर वादक येथे येऊन वाजवून गेला.

याच गोमंतकीयांपैकी एकाविषयी अधिक सांगावयाचे आहे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदरचनाकार आणि पुढे प्यारेलाल यांचे गुरू. त्यांचे काम जॅझ नव्हे, हे मान्य. परंतु बिनीचा खरा अर्थ पाहावयाचा तर तो त्यांच्यापाशी दिसतो. रागाची सुरावट कायम ठेवून तिला पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे बहुस्वरी रूप देता येईल काय, हा त्यांचा ध्यास होता. हे वाटते तितके सोपे नाही. आपल्या रागात स्वराची चाल आणि वर्ज्यावर्ज्य यांना महत्त्व. स्वरसंघ रचू जावे तर वर्ज्य स्वर डोकावतो आणि रागाचा चेहरा बिघडतो. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या आवारात आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे यांनी त्यात भाग घेतला होता. या वाटेवर त्यांच्यामागून फौज आली नाही. काही वर्षांनी ते अमेरिकेस गेले आणि परत आल्यावर मजोर्ड्यास निवांत राहिले. बिनी पुढे गेली आणि मागची फौज दुसऱ्याच रस्त्याने वळली, असे युद्धात घडते, कलेतही घडते. म्हणून ती बिनी नव्हती असे म्हणता येत नाही.

मराठी वाङ्मयात या प्रकाराची ओळख आपणांस आहेच. बा. सी. मर्ढेकर हे आपल्या नभोवाणीचेच एक अधिकारी. १९४७ साली त्यांचा 'काही कविता' हा संग्रह निघाला, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. त्यांना 'नवकवी' म्हटले गेले, आणि त्यांनी हाताशी घेतला होता तो अभंग, संतांचा जुना छंद. पुढे 'नव' हे अक्षर इतक्यांनी लावले की ते घरच्या पत्त्यासारखे झाले. कुमार गंधर्वांनाही बंडखोर म्हणत. त्यांनी १९६५ च्या 'अनूपरागविलासा'त माळव्यातील लोकधुनांतून उगवलेले राग दिले. मागे वळून पाहणे आणि पुढे जाणे ही त्यांच्या ठिकाणी एकच क्रिया होती. अशा माणसावर कोणतेही नाव चिकटविले की ऐकणाराची सोय होते, ती अशी की मग ऐकावे लागत नाही. भक्त नावावर टाळी देतो, निंदक नावावर नाक मुरडतो, आणि दोघेही घरी जातात.

म्हणून माझी पद्धत सांगतो. 'आवाँ-गार्द' हा शब्द तबकडीवर दिसला की मी दोन प्रश्न विचारतो. या वादकाने काय सोडले? आणि जे सोडले ते त्याला येत होते काय? कोलमनची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे ऐकली तर त्याच्या सॅक्सोफोनात टेक्सासचे जुने ब्लूज ठायी ठायी ऐकू येतात. त्याने जे सोडले ते त्याच्या हाडीमाशी खिळलेले होते. आणि आज साठ वर्षांनंतर कोणी त्याची नक्कल हुबेहूब करीत असेल, तर तो परंपरेचा इमानी सेवक आहे. त्याचाही मान ठेवू, पण त्याला बिनीवर म्हणता येणार नाही. खुद्द कोलमनला २००७ साली 'साउंड ग्रामर' या तबकडीबद्दल पुलित्झर पारितोषिक मिळाले. वादी हयात असतानाच निकाल लागलेल्या दाव्यांपैकी हा एक. २०१५ साली तो वारला.

गोन्साल्विस यांचे नाव मात्र आपल्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका विनोदी गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव गोवून ठेविले, आणि आमच्या उमरीस लग्नसराईत बँडवाले ते गाणे अद्याप वाजवितात. त्या नावाचा एक मनुष्य खरोखरीच होऊन गेला, त्याने १९५८ साली शंभरावर वादकांपुढे सारंग रागाची स्वरलिपी ठेविली होती, आणि २०१२ च्या जानेवारीत तो वारला, हे वरातीत नाचणाऱ्यांपैकी कोणास ठाऊक नसते.